वर्षानुवर्षं बंद असलेली मसल कार रस्त्यावर आणताना: चावी फिरवण्याआधीची सगळी कामं

पंधरा-वीस वर्षं एका जागी उभी राहिलेली गाडी हाती आली की पहिली उबळ येते ती नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघायची. नेमकं तेच करू नका. उभं राहून इंजिन जेवढं खराब होतं, त्याहून जास्त खराबी त्या पहिल्या काही सेकंदांत होऊ शकते. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंगांना गंज धरलेला असतो, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून बसलेला असतो. त्यावर स्टार्टर मोटरनं जोर लावला की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारा दांडा) वाकतो, रिंग तुटते, आणि जे इंजिन थोड्या तेलानं सुटलं असतं ते पूर्ण खोलावं लागतं. म्हणून या लेखात चावी बरीच उशिरा येते.

इथे बोलतोय ते अमेरिकन मसल कारबद्दल. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकनं मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ काढली. तिथपासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या शेव्हरोलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची रोड रनर आणि त्यांच्या जोडीच्या शेव्हरोले कॅमेरो-फोर्ड मस्टँग या सगळ्यांना खालचं बहुतेक लागू आहे. (पॉन्टिअ‍ॅक आणि शेव्हरोले जनरल मोटर्सच्या, डॉज आणि प्लिमथ क्रायस्लरच्या.) या गाड्यांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. कार्ब्युरेटर, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क), पुशरॉड आणि भरपूर बिडाचं लोखंड. संयम आणि बरी हत्यारं असतील तर हौशी माणसालाही हे काम जमतं.

गाडी नक्की कोणती आहे

पाना हातात घेण्याआधी कागद आणि क्रमांक तपासा. या काळात साध्या मॉडेलवर बॅज चिकटवून महागडं मॉडेल 'बनवण्याचे' उद्योग भरपूर झालेत. १७ अक्षरांचा एकसारखा गाडी क्रमांक १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. १९६६ ते १९७१ या काळातल्या खऱ्या जीटीओचा क्रमांक २४२ नं सुरू होतो. १९६४-६५ मध्ये जीटीओ हा नुसता पर्याय होता, त्यामुळे त्या दोन वर्षांत क्रमांकावरून काहीच कळत नाही. शेव्हेलचं उलटं आहे. १९६६ ते १९६८ ची एसएस ३९६ (सुपर स्पोर्ट, ३९६ घन इंचांची) गाडी १३८ या आकड्यांवरून ओळखता येते, १९६९ पासून मात्र एसएस हा पर्याय झाला आणि ही खूण गेली. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांत पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७० च्या क्रायस्लर गाडीत तिथे 'आर' असेल तर ४२६ घन इंचांचं हेमी इंजिन, 'व्ही' असेल तर ४४० चं सिक्स पॅक (तीन कार्ब्युरेटरवालं).

मूळ बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा कागद, कधी सीटच्या स्प्रिंगांत तर कधी पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेला सापडतो. जुनी सीट भंगारात टाकण्याआधी तिचं पोट चाचपून बघा. गाडी दुर्मीळ निघाली तर मूळचे नटबोल्ट, क्लॅम्प, अगदी खराब झालेला कार्ब्युरेटरसुद्धा फेकू नका. त्यांची किंमत नव्या चकचकीत भागांहून जास्त असू शकते.

गंज: निर्णय इथे होतो

इंजिन कसंही असलं तरी नीट करता येतं. कुजलेला पत्रा आणि त्याखालची कुजलेली चौकट मात्र वेळ आणि पैसा दोन्ही गिळते, म्हणून पहिला दिवस जमिनीवर पडून घालवा.

जीटीओ आणि शेव्हेलला खाली वेगळी चॅसिस असते, तर मस्टँग आणि चार्जरमध्ये बॉडी हीच चौकट असते. कॅमेरो अर्धी-अर्धी, पुढे सुटी सबफ्रेम आणि मागे जोडीव बॉडी. वेगळी चॅसिस असेल तर जमिनीच्या पत्र्याला पडलेलं भोक ही डोकेदुखी आहे, पण गाडीचा कणा शाबूत असू शकतो. जोडीव बॉडीत तेच भोक बाजूच्या आडव्या पेट्यांपर्यंत पोचलं असेल तर गाडी मधोमध खचायला लागलेली असते. दारं उघडून बंद करा. दाराच्या वरच्या आणि खालच्या फटीत फरक दिसला, दार उचलून लावावं लागलं, तर बिजागरी झिजली आहे की चौकट वाकली आहे हे आधी शोधा.

बाहेरून न दिसणारी जागा म्हणजे समोरच्या काचेखालची पोकळी. तिथल्या जाळीतून पालापाचोळा आत जातो, ओला राहतो आणि पत्रा खातो. जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरा. आत थेंब पडले तर काम मोठं आहे, कारण तिथे पोचायला पुढचा अर्धा भाग उतरवावा लागतो. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखाली उठलेले फोड दाबून बघा. मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीची जमीन, मागच्या चाकांच्या पाठीमागचा खालचा पत्रा, मस्टँगमध्ये पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे मनोरे, क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्शन बारची मागची टोकं जिथे बसतात तो आडवा पट्टा, या सगळ्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला तर चुंबक लावा. चुंबक चिकटत नसेल तिथे रंगाखाली लांबीचा (पुटीचा) थर आहे.

जमिनीचा किंवा कडेचा पत्रा कापायचाच असेल तर आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून सगळी मापं लिहून ठेवा. उघड्या छताच्या गाडीत हे न करता पत्रा कापला तर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की चौकट धड असेल तर गाडी पूर्ण खोलू नका. शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी केलेली गाडी बहुतेक वेळा खोक्यांतच राहते. आधी ती जुन्या रंगात, फाटक्या सीटवर चालू करा, थांबवा, वळवा. खरे दोष चालवल्यावर कळतात आणि मग कुठे हात घालायचा ते ठरवता येतं.

पहिल्याच दिवशी सिलिंडरमध्ये तेल

तपासणी चालू असतानाच एक काम उरकून टाका, कारण त्याला वेळ लागतो. प्लगच्या आजूबाजूची माती हवेनं उडवा आणि आठही प्लग काढून ओळीनं मांडून ठेवा. एखाद्या प्लगवर गंज दिसला तर तो सिलिंडर लक्षात ठेवा. प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा. इंजिन जाम असल्याची शंका असेल तर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून घाला. हे मिश्रण रिंगांच्या फटीत बऱ्यापैकी शिरतं, पण लगेच पेट घेतं, तेव्हा ठिणगी उडणारं कुठलंच काम जवळ नको. आता इंजिन काही दिवस विसरा.

एअर फिल्टरचा डबा, हीटरची पेटी आणि सायलेन्सरचं तोंड याच वेळी बघा. उंदरांची घरटी हमखास सापडतात. लेंड्या कोरड्या झाडू नका. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकानं भिजवून मगच पुसा. उंदरांच्या विष्ठेच्या धुळीतून हंटाव्हायरससारखे आजार होतात.

इंजिन भिजतंय तोवर ब्रेक

ब्रेक इंजिनाच्या आधी करायचे. इंजिन चालू झालं की गाडी हलवून बघायचा मोह कुणालाच आवरत नाही.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उचला आणि चारही बाजूंनी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली हातही घालू नका. क्रायस्लर, डॉज, प्लिमथ असेल तर एक खुबी आहे. १९७० च्या आसपासपर्यंत यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर दिसलं तर नट उलटा फिरवून सुटेल. हे माहीत नसल्यानं लोक पाइप लावून स्टड मोडतात.

ड्रम निघत नसेल तर मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर सैल करा, कारण लायनर ड्रमच्या झिजलेल्या खाचेत अडकलेले असतात. आतली काळी धूळ हवेनं उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. धूळ ओली करून फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी होज यांत वाचवण्यासारखं काही नसतं, सगळं नवं घाला. होज बाहेरून छान दिसतो, पण आतून फुगलेला असतो. तेल दाबानं पुढे जातं आणि परत येत नाही, मग चाक पकडूनच राहतं. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या नळ्या वाकवायला सोप्या आणि गंजत नाहीत.

१९६६ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलांपासून अमेरिकन कंपन्यांनी दोन कप्प्यांचा सिलिंडर दिला. गाडी कितीही अस्सल ठेवायची असली तरी हा एक बदल मी करतोच. नवा मास्टर सिलिंडर आधी टेबलावर हवा काढून मग बसवा. हवा काढायचा क्रम सर्वांत लांबच्या चाकापासून: डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. तेल डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही.

इंजिन हातानं फिरवणं

आता पुन्हा इंजिनाकडे. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनं हळू जोर द्या. साठच्या दशकातल्या काही शेव्हरोले इंजिनांना तो बोल्टच नसतो, तिथे खालून फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवावं लागतं. थोडं हललं आणि अडलं तर उलटं फिरवा, परत पुढे. प्रत्येक फेरीत जरा जास्त हलू द्या. आठवडाभर भिजूनही तसूभर हललं नाही तर पाइप लावून मस्ती करू नका, हेड (सिलिंडरांवरचा भाग) उतरवा.

फिरलं तर रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) झाकणं काढा आणि कुणाला तरी पुली सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा. तुमची नजर सोळा व्हॉल्व्हवर हवी. प्रत्येक रॉकर खाली जाऊन तेवढाच वर यायला हवा. एखादा पुशरॉड सैल खुळखुळत असेल तर तो व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. गाइडवर तेल सोडून, प्लास्टिकच्या हातोडीनं हलकेच ठोकून तो सुटतो. त्या वेळी पिस्टन खाली असेल याची खात्री करा.

जुनं ऑइल काढताना पहिली धार बघा. आधी पाणी आलं तर ओल साठली होती. दुधाळ आलं तर कूलंट आत उतरतंय, म्हणजे गॅस्केट किंवा त्याहून वाईट काही. पेट्रोलचा वास आला तर इंधन पंपाचा पडदा फाटला आहे. तो पंप बदलल्याशिवाय नवं ऑइल घालण्यात अर्थ नाही.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: इंजिन न फिरवता ऑइलचा दाब तयार करणं. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण करून तो वर काढा. खालच्या दांड्यावर प्रायमिंगचा रॉड बसवून ड्रिलनं ऑइल पंप फिरवा. दिशा रोटरचीच. शेव्हरोलेत घड्याळाच्या दिशेनं, पॉन्टिअ‍ॅक आणि फोर्डच्या २८९-३०२ मध्ये उलटी. शेव्हरोलेसाठी नुसता रॉड चालत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीसारखी बाहेरची नळी असलेलं हत्यार लागतं. नाहीतर ऑइल तिथूनच निसटतं आणि एका बाजूचे रॉकर कोरडे राहतात. ड्रिल जड झालं की दाब आला. मधूनमधून क्रँक पाव फेरा फिरवत, प्रत्येक रॉकरमधून ऑइल पाझरताना दिसेपर्यंत चालू ठेवा.

ऑइल जस्त-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं घ्या. या इंजिनांत कॅमवर (व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यावर) सपाट टॅपेट, म्हणजे पुशरॉडखालचे तुकडे, घासतात. आधुनिक गाड्यांच्या ऑइलमधून हे संरक्षण कमी झालं आहे, कारण ते उत्सर्जन कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मानवत नाही. टॅपेट काढावे लागले तर ज्याचा त्याच जागी परत गेला पाहिजे.

पेट्रोल, कूलिंग, वायरिंग

जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. त्यात नवं पेट्रोल मिसळून चालवू नका, टाकीच उतरवा. आत पोपडे सुटलेला गंज दिसला आणि मॉडेल लोकप्रिय असेल तर नवी टाकी मिळते, ती घ्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आतली वाफ स्फोटक असते. तिच्यावर वेल्डिंग कदापि नाही. रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या हव्यात, जुनं रबर आजच्या पेट्रोलमध्ये मऊ पडतं.

कार्ब्युरेटर खोलून, धुऊन नवी किट घाला. रोचेस्टर क्वाड्राजेटच्या तळाशी असलेली बुचं झिरपतात आणि रात्रभरात पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी होते. हॉलेच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये इंजिननं उलटा फटका मारला की पॉवर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. जुन्या व्हॉल्व्ह सीटना शिशाच्या पेट्रोलची सवय होती. हौसेपुरती गाडी चालवत असाल तर घाबरायचं कारण नाही, पण हेड उतरवलंच तर कडक सीट बसवून घ्या. १९७१ पासून जनरल मोटर्सनं कॉम्प्रेशन कमी केलं. त्याआधीच्या दहास एक किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, नाहीतर चढावर खडखडाट ऐकू येईल.

कूलिंगचं काम सरळ आहे. सगळे होज, बेल्ट आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर दाब देऊन तपासलेला. ब्लॉकच्या बाजूला असलेली गोल पत्र्याची बुचं मात्र टोकदार हत्यारानं टोचून बघा, ती आतून कुजतात. एअर कंडिशनर असेल तर त्यात जुना आर-१२ वायू असू शकतो, जो ओझोनच्या थराला घातक आहे. नळी सैल करून तो सोडू नका, रिकव्हरी मशीन असलेल्याकडे द्या.

वायरिंगवर बॅटरी थेट जोडू नका. निगेटिव्ह टोक आणि केबल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा बल्ब लावा. सगळं बंद असताना बल्ब ठळक पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंद उजेड घड्याळाचा असू शकतो. क्रायस्लरच्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून आणि इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यातल्या मोठ्या कनेक्टरमधून जातो. तो कनेक्टर सुटा करून बघा, वितळलेल्या पिना नेहमी सापडतात.

प्लगच्या वायरी लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बघून घ्या. शेव्हरोले, पॉन्टिअ‍ॅक आणि क्रायस्लरमध्ये १-८-४-३-६-५-७-२. फोर्डच्या २८९ आणि ३०२ मध्ये १-५-४-२-६-३-७-८. खरी फसगत सिलिंडर मोजण्यात होते. पहिल्या तिघांत डाव्या रांगेत विषम आणि उजव्या रांगेत सम आकडे असतात, तर फोर्डमध्ये उजवीकडे पुढून १ ते ४ आणि डावीकडे ५ ते ८. पहिल्या तिघांत ५ आणि ७ शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नका. एकीची ठिणगी दुसरीत उतरते. पॉइंटवर साठलेला थर साफ करून जनरल मोटर्सच्या व्ही-८ साठी ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढा कोन) ३० अंश ठेवा.

आता चावी

प्लग लावण्याआधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको. एखादा सिलिंडर कमी भरला म्हणून लगेच निराश होऊ नका. बंद इंजिनाच्या रिंगा थोडं चालल्यावर मोकळ्या होतात, तेव्हा पुन्हा मोजा.

पेट्रोल टाकीतून न घेता बाहेरच्या छोट्या, पक्क्या झाकणाच्या डब्यातून द्या. दारं-खिडक्या उघड्या, चाकांना अडसर, अग्निशामक हाताच्या अंतरावर, आणि एक माणूस फक्त गळती बघायला. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओतायची सवय असेल तर ती मोडा. वाटी भरायची तर हवेच्या नळीतून हळूच भरा. इंजिन पकडल्यावर नजर फक्त ऑइल प्रेशरवर. पाच-दहा सेकंदांत काटा हलला नाही तर बंद. सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळून भरपूर धूर येईल, तो ओसरतो. निळा धूर तसाच राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, गोडसर वासाचा पांढरा राहिला तर कूलंट. टॅपेटचा टकटक आवाज ऑइल पोचलं की थांबतो. खालून येणारा जड ठोका थांबणार नाही, तो बेअरिंगचा असतो आणि त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. कॅम आणि टॅपेट नवे घातले असतील तर मात्र आयडलवर रेंगाळू नका. लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं चालवा, नाहीतर कॅमचे उंचवटे घासून जातात.

तापमान स्थिरावलं की बंद करा, गार होऊ द्या आणि ऑइल-फिल्टर बदला. पहिल्या ऑइलमध्ये वर्षांची घाण उतरलेली असते.

रस्त्यावर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये उभ्या गाडीचं तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून खाली उतरतं, त्यामुळे इंजिन बंद असताना दांडी जास्त पातळी दाखवते. ते बघून तेल काढू नका. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटची पातळी इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये बघायची, कारण पार्कमध्ये तिचा कन्व्हर्टर भरत नाही. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पेडल दाबून लाकडानं अडकवून ठेवा, बऱ्याचदा सुटते. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारी रचना) असेल तर गिअर ऑइलमध्ये त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर घालायला हवं, नाहीतर वळणावर थरथर आणि कटकट येते.

टायर कितीही नक्षीदार दिसले तरी बदला. २००० सालानंतरच्या टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे. जुन्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) टायरांबरोबर आजचे रेडियल मिसळू नका. स्टिअरिंगचे सांधे, बॉल जॉइंट आणि आयडलर आर्म हलवून बघा, चालायला लागले की ग्रीस भरा.

पहिली फेरी आवारातच, नुसतं चालणं आणि थांबणं. ब्रेक सरळ धरतात का, पेडल खाली जातं का, एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापतो का ते हात जवळ धरून बघा. दुसरी फेरी जवळपास, खेचून आणता येईल एवढ्या अंतरात. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा, हेडरचे (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्ट नळ्यांचे) बोल्ट बघा आणि खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी ठेवा. पुठ्ठ्यावरचा लाल डाग गिअरबॉक्सचा, तपकिरी इंजिनाचा, जड आणि गंधकाचा वास येणारा मागच्या अ‍ॅक्सलचा. प्रत्येक डागाच्या बरोबर वर काय आहे ते बघितलं की पुढच्या कामांची यादी आपोआप तयार होते. पत्र्याचं काम, रंग आणि सीट त्या यादीत सर्वांत खाली लिहा. लांबीचा थर तीनेक मिलिमीटरपेक्षा जाड होत असेल तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे. आणि कारखान्यानं सांध्यांवर शिसं भरलेलं असतं, तिथे कोरडा सँडपेपर मारायचा नाही.